जूनच्या आधी

सोमवार, १८ नोव्हेंबर

ताई,

फाडून टाकायच्या आधी एवढं वाच, मी काही मागायले लिहीत नाही. तुझ्या नव्या खोलीचा पत्ता माझ्यापाशी नाही अन् फोनवर तू मले ब्लॉक करून ठेवलं, म्हणून शाळेच्या पत्त्यावर टाकून राहिलो. दिघोरीची ती निळ्या फाटकाची शाळा मले पाठ आहे. पोस्टमनले तर तू ब्लॉक करू शकत नाही.

मी गुजरातेत आहे, एका जिनिंगमधे. हैद्राबादचं हॉटेल सोडलं, मधे ट्रकवर होतो, ते पण सोडलं. तू म्हणशील, याचं सुरूच आहे. असो. इथं यार्डात कापूस येते, त्याची सरकी वेगळी अन् रुई वेगळी निघते, रुईच्या गठाणी बांधल्या जातात. मजूर अर्धेअधिक आपल्याकडचे, उमरेड-भिवापूरचे. बायकापोरं घेऊन येतात, फाटकाच्या आतच टिनाच्या खोल्यात राहतात, अन् होळी झाली की घरी परततात. मुकादम चंपतराव काटोलचा आहे. तोंडाचा तिखट, पण आपल्या बोलीत शिव्या देते, म्हणून बरं वाटते.

आता काम ऐक. इथली रुई ज्या मोठ्या कंपनीले जाते, त्यांचे लोक फेब्रुवारीत पाहणीले येणार आहेत. मजुरायचे पोट्टे कामावर नाहीत, शाळेत आहेत, असं त्यायले दिसलं पाहिजे. म्हणून शेठनं बारदान ठेवायचं शेड रिकामं केलं, फळा लावला, अन् चंपतरावले म्हणे मास्तर आण. चंपतरावनं सगळ्यायले उभं करून विचारलं, "इंग्रजी कोणाले येते बे?" मी हात वर केला नाही. माझा हात त्यानंच धरून वर केला. म्हणे, "हा ट्रकचे नंबर वाचते. हाच मास्तर."

सातवी नापास मास्तर. हास.

पोट्टे सकाळी सरकी झाडतात, मग हातपाय धुवून माझ्याकडं येतात. पाहणीवाले इंग्रजीतले वार अन् महिने विचारतात म्हणे, लिहून पण घेतात. मी फळ्यावर वार लिहिले. तर काजल म्हणून एक पोट्टी आहे, आठ वर्षांची, उमरेडले दुसरीत होती, ती उठून म्हणते, "सर, पहिलं अक्षर मोठं पाहिजे." मी म्हटलं, काहून? म्हणते, "आमच्या मिस म्हणे." मी म्हटलं, मिस म्हणे हे काही कारण झालं का? ती खाली बसली. पण मले तरी कुठं माहीत होतं!

तू पहिलीले हेच शिकवते. सोमवारचं पहिलं अक्षर मोठं काहून अन् खुर्चीचं काहून नाही, हे एवढ्या-एवढ्या पोट्ट्यायले तू कसं सांगते, तेवढं लिहून पाठव. बाकी काही नको.

आईच्या तेरवीबद्दल मी लिहीत नाही. तू पण लिहू नको.

गोलू


गुरुवार, ५ डिसेंबर

ताई,

पाकीट मिळालं. वर्कबुक पाठवशील असं वाटलं नव्हतं. त्यावर कोण्या चिन्मयीचं नाव आहे, तिनं सगळे घोडे जांभळे रंगवले आहेत. आमच्या पोट्ट्यायले तेच सगळ्यात आवडलं.

चिठ्ठीत पाच-सहा ओळी वारांच्या अन् एक माझ्यासाठी. "तू तिथूनही पळशील, पण तोवर मुलांना चुकीचं शिकवू नको." ठीक आहे. वाचली.

तुझी युक्ती चालली बरं. वार म्हणजे नाव, महिना म्हणजे नाव. वर्गात नाव पुकारलं की मूल उठून उभं राहतं, तसं नावाचं पहिलं अक्षर उभं राहतं, बाकीची बसून राहतात. मी पोट्ट्यायले ओळीनं बसवलं, एकेकाले एकेक वार दिला. आपला वार आला की उठायचं, दोन्ही हात वर करायचे, जोरात म्हणायचं अन् बसायचं. शनिवारवाली पोट्टी उंच आहे, तिचे हात टिनाले लागतात. टिन वाजलं की आठवडा संपला.

पण एक पोट्टा मले म्हणते, "सर, सोमवार काय माणूस आहे, त्याले नाव असाले?" तिथं तुझं वर्कबुक अडकलं. मग मी नागपूर काढलं. म्हटलं, बाजार कोणताही राहू शकते, पण इतवारी एकच. गल्ली कोणतीही, पण बुधवारी म्हटलं की ऑटोवाला बरोबर तिथंच नेते. शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी, सोमवारी. आमच्या नागपुरात वारांचेच मोहल्ले आहेत, त्यांच्या पाट्या लागतात, मग त्यायचं पहिलं अक्षर मोठं नको का? उमरेडचे पोट्टे एसटीनं नागपूरले आलेले. एक म्हणे, माझी चप्पल इतवारीची. दुसरा म्हणे, माझ्या मामाचं लगन शनिवारीत झालं. सगळे एकदम बोलाले लागले. असा गोंधळ झाला की चंपतराव डोकावून गेला, "काय गा मास्तर, शाळा आहे का कळमन्याच्या बाजारातला लिलाव?"

मग काजल उठली. "सर, गुरुवारी कुठं आहे?"

ताई, मले खरंच माहीत नाही. आहे का गं नागपुरात गुरुवारी? मग तिनंच उत्तर दिलं, "मंग गुरुवारी इथंच आहे." कारण आमची सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी या भागातली लाईट बंद राहते, जिनिंग बंद, ट्रॅक्टर बंद, लोडर बंद. बाकीच्या दिवशी कापसाच्या गंजीवर लोडर चालते. गंजी म्हणजे दुमजली घराएवढा ढीग. तो लोडर मागंपुढं पाहत नाही, अन् पोट्टे तिथंच घुटमळतात. मी त्यायले शिकवून टाकलं, गुरुवार म्हणजे गंजी, बाकी वारी गंजीजवळ दिसला त्याचा कान पिळीन. आता मी ओरडतो, "गुरुवारी?" ते सगळे हात वर करून ओरडतात, "गंजी!"

आज गुरुवार आहे. मी खोलीच्या दारात बसून लिहून राहिलो अन् समोर पोट्टे कापसात उड्या मारून राहिले. वार शिकवायचा काही तरी उपयोग झाला. आता सोमवारी-बुधवारी कोणी तिकडं फिरकत नाही.

गोलू


रविवार, २२ डिसेंबर

ताई,

तुले पण गुरुवारी माहीत नाही म्हणते. मग काजलचंच बरोबर.

आता महिने. पाहणीच्या कागदावर प्रत्येक पोट्ट्याची जन्मतारीख पाहिजे होती. कोणाच्या मायले विचारलं तर म्हणते पोळ्याच्या आसपास, कोणी म्हणते धान कापाले होतो तेव्हा. चंपतराव म्हणे, टाक काही पण. मी म्हटलं, काही पण कसं टाकायचं, ज्याचं त्याले निवडू दे. म्हणून सगळ्यायनं आपापला महिना घेतला. पोट्टे जास्त, महिने कमी, एकेका महिन्यात दोघं-तिघं दाटीवाटीनं बसतात. जानेवारीत तर मारामारी झाली. ऑगस्टवाले दोघं जण झेंडा आपला म्हणून भांडतात.

फक्त मेमधे एकटाच आहे. त्याची गोष्ट सांगतो.

काजलचा भाऊ अपूर्व, चार वर्षांचा. त्याले सगळे अप्पू म्हणतात. शाळेत त्याचं काम नाही, पण माय कामावर गेल्यावर तो काजलच्या मागंमागं येऊन बसते. काजलनं जून घेतला. अप्पूले विचारलं, तर तो म्हणे, "आपण घरी कधी राहतो?" काजल म्हणे, मेमधे. "मंग मे माझा." अन् दुसऱ्या कोणाले त्यात बसू देत नाही. एक मोठा पोट्टा बसाले गेला, तर अप्पू त्याच्या दंडाले चावला. मे त्याचा, पुरा.

ओळीत तो काजलच्या आधी बसते. एप्रिल झालं की काजल त्याच्या बरगडीत बोट घालते, तो दचकून उठते, हात वर करून ओरडते, "मे!" अन् बसायचं विसरते. मग काजल त्याले अंगातल्या तिच्याच जुन्या फ्रॉकच्या टोकानं खाली ओढते अन् स्वतः उठून जून म्हणते. रोज असंच. आता सगळे जण एप्रिलपासूनच हसाले लागतात. पाटीवर त्याले पहिलं अक्षर तेवढं काढता येते, ते पण कधी सुलटं कधी पालथं. पण मोठंच काढते. अख्खी पाटी भरते.

परवा दुकानात कोणी त्याले विचारलं, नाव काय बेटा, तर म्हणे "मे".

इथं थंडी पडून राहिली. आपल्याकडच्यासारखी कोरडी नाही, दमट आहे, हाडात शिरते. रजया कोणाजवळ पुऱ्या नाहीत. बायका दुपारी लहान लेकरायले कापसातच झोपवून देतात, खड्डा करून. अप्पूची माय प्रेमलता, तिले मी म्हटलं, "वहिनी, लेकराले शाल तरी टाका." ती म्हणे, "अवो मास्तर, राजाच्या पोराले नसेल एवढी गादी हाय त्याले. तुम्हीच झोपून पाहा न एकदा." खरंच झोपून पाहिलं मी, गुरुवारी. ताई, गरम लागते. आत गेलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही.

स्वेटर घालत जा. दिघोरीकडं सकाळी वारा लागते.

गोलू


रविवार, १९ जानेवारी

ताई,

बरेच दिवस लिहिलं नाही. संक्रांत झाली. इथं पतंग उडवतात गजब, तारांवर अजून लटकून राहिल्या आहेत. तिळगूळ कोणी दिला नाही, दिला असता तरी कडक राहते इथला.

शाळा दोन दिवस बंद होती, उद्यापासून सुरू करायची आहे. अप्पू आता येत नाही. त्याले ताप आला होता.

तुले एक विचारायचं होतं. तुझ्या वर्गातलं एखादं मूल यायचं बंद झालं, तर तू काय करते? म्हणजे त्याची जागा दुसऱ्याले देते का तशीच ठेवते? अन् बाकीच्यायले काय सांगते?

घाई नाही. पण लिही.

गोलू


रविवार, २ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पहिल्यांदा लंबं आलं. जागेबद्दल तू काही लिहिलं नाही. लिहिलं ते हे: "तू काहीतरी लपवतो आहेस. आई गेली तेव्हाही तू माझ्याशी पतंगांबद्दलच बोलला होतास, आणि मग निघून गेलास. गोलू, काय झालंय?"

लिहितो.

संक्रांतीनंतरचा गुरुवार होता. शेठले यार्ड साफ पाहिजे होतं, पाहणीवाले लवकर पण येऊ शकतात म्हणून. फाटकापासून सांडलेला कापूस सगळा एका जागी, गंजीवर चढवून द्यायचा. सुट्टी असली तरी. डिझेलवर चालणाऱ्या लोडरले लाईटचं काय? आमचा ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून बाहेरचा बोलावला. त्याले आमचा गुरुवार माहीत नव्हता. मी गावात गेलो होतो, कटिंग कराले.

पोट्ट्यायनं लोडर पाहिला अन् मोठे होते ते हटले. चार वर्षांच्या पोराले काय समजणार! त्याले एवढंच माहीत की आज गुरुवार. तो गंजीच्या कडेले, आपल्या खड्ड्यात झोपला होता. मायले वाटलं काजलपाशी आहे. काजलले वाटलं मायपाशी आहे.

संध्याकाळी मी फाटकातून आत आलो, तेव्हा सगळे नाव घेऊन घेऊन फिरत होते, अप्पू, अप्पू. काजल एकटी गंजीपाशी उभी राहून "मे" म्हणून हाका मारत होती. मग बायकायनं हातानं कापूस ओढाले सुरुवात केली. मी पण ओढला. कापूस हलका राहते म्हणतात. ओढून पाहा कधी.

अंगावर एक ओरखडा नव्हता, ताई. कानात अन् नाकात रुई. झोपल्यासारखा. ड्रायव्हर लोडरच्या चाकापाशी खाली बसला तो उठलाच नाही, त्याले दोघायनं धरून नेलं.

काजल माझ्याजवळ आली. रडत नव्हती. मले म्हणे, "सर, आज गुरुवारच होता ना?"

मी म्हटलं, हो.

दुसरं काय म्हणू! तिले वार बरोबर येतात.

मग एक डॉक्टर आला, कुठला ते माहीत नाही. कागदावर ताप लिहिला. चंपतरावनं प्रेमलताच्या नवऱ्याचा अंगठा घेतला. कुंपणाच्या मागं एक बाभूळ आहे, तिथं खड्डा चंपतरावनंच खणला, दुसऱ्याले हात लावू दिला नाही. रडत होता खणताना, खोटं नाही लिहीत. मग हातपाय धुऊन आला, माझ्या बाजूले बसला अन् म्हणे, "मास्तर, मे दुसऱ्या कोणाले देऊन टाक गा. ओळीत भोक दिसलं तर ते लोक विचारतील."

मी म्हटलं, "काका, असं कसं बोलता?"

म्हणे, "मी नाही बोलत. माझ्यामागं ही पन्नास घरं बोलून राहिली. फाटक बंद झालं तर हे सगळे रस्त्यावर. तुझं काय, तू तर उडता पक्षी. पिशवी उचलशील अन् जाशील."

 प्रेमलताले गावी जायचं आहे, पण पाहणी होईपर्यंत चंपतराव त्यायले सोडत नाही. काजल सगळ्यात हुशार, ती ओळीत पाहिजे.

पाहणी अकरा तारखेची ठरली. मी एका पोट्ट्याले मे देऊन टाकला. सोनू त्याचं नाव, पहिले मार्चमधे होता. त्याले पाठ पण झाला. काजल त्याच्या बाजूले बसते, त्याच्याकडं पाहत नाही.

पिशवी मी भरून ठेवली आहे. दहा तारखेच्या सकाळी सुरतेकडं गाडी आहे. तुझी ती ओळ खरी होईल. काय करू ते मले सांगू नको. तू काय सांगशील ते मले माहीत आहे.

गोलू


बुधवार, १२ फेब्रुवारी

ताई,

गाडी पकडली नाही. स्टेशनवर गेलो होतो, तिकीट पण काढलं. का परत आलो ते मले सांगता येत नाही. काजलचा चेहरा आठवला असं काही लिहिलं तर खोटं होईल. गाडी आली, दार समोर आलं, मी चढलो नाही. एवढंच.

काल ते लोक आले. एक मॅडम, दोन माणसं. मॅडम हिंदी बोलत होत्या, शांत, पोट्ट्यायच्या बाजूले खाली बारदानावर बसल्या. शेठ खुर्चीवर, चंपतराव दारात. पोट्ट्यायले नवे कपडे दिले होते, त्यायच्या घड्या अजून तशाच.

वार झाले. टिन वाजलं. मॅडम हसल्या. मग म्हणे, "अब महीने."

जानेवारीचे उठले, बसले. फेब्रुवारी. मार्च. एप्रिल.

मग कोणी उठलं नाही.

सोनूनं मान वळवून काजलकडं पाहिलं. काजल मांडीवर हात ठेवून बसली होती, समोर फळ्याकडं पाहत. सोनूनं उठायले हात टेकला अन् परत काढून घेतला. ओळीतले सगळे पोट्टे आता तिच्याकडं पाहत होते. 

"बोल ना बे, मे!" चंपतराव दातातल्या दातात.

मॅडम म्हणे, "मे कौन है?"

चंपतराव म्हणे, "मे गाँव गया है मॅडम. थोड़ा बिमार था. जून बोल बेटा, जून."

काजल उठली. आपले हात तिनं वर केले नाहीत, जून पण म्हटलं नाही. माझ्याकडं वळली अन् म्हणे, "सर."

बस, एवढंच म्हटलं तिनं.

माझी हिंदी तुले माहीत आहे. पण मी सांगतलं. मे का नाम अपूर्व था. कापूस के अंदर सोया था, ऊपर से लोडर चला. गुरुवार को. छुट्टी के दिन. मैंने ही सिखाया था की गुरुवार को गंजी पे जाओ. शेठ उठून उभा झाला. मॅडम म्हणे, "इन्हें बोलने दीजिए." मी त्यायले बाभळीपाशी घेऊन गेलो.  मॅडमनं एक फोटो काढला. माझं नाव विचारलं, मी जितेंद्र सांगतलं, पुरं, आडनावासहित. कोणी विचारलं नव्हतं किती दिवसात.

परत येताना चंपतरावनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मारला नाही, ठेवला. म्हणे, "नापास झाला गा मास्तर. आम्ही सगळेच झालो."

तू विचारशील, मग काय झालं. त्या लोकायची गाडी निघून गेली. संध्याकाळपर्यंत फळा उतरवला, शेडात परत बारदान भरलं. पोट्ट्यायचे नवे कपडे काढून घेतले. ती कंपनी आता इथली रुई घेणार नाही म्हणतात, शेठ दुसऱ्याले विकते. प्रेमलता, तिचा नवरा अन् काजल, तिघायले आज सकाळी टेम्पोत बसवून स्टेशनवर सोडलं. प्रेमलता बाभळीपाशी जायचं म्हणत होती, जाऊ दिलं नाही. बाकीच्या बायका दारात उभ्या होत्या, कोणी माझ्याकडं पाहत नव्हतं. त्यायचं पण चूक नाही. त्यायचं होळीपर्यंतचं काम गेलं तर माझ्यामुळं जाईल.

माझा वरचा एक दात नाही आता. कोणी पाडला ते लिहीत नाही.

गोलू


रविवार, २३ फेब्रुवारी

ताई,

परवा तुझा मिस कॉल पाहिला. ब्लॉक काढला म्हणजे. उचलला नाही, रागावू नको. दात गेल्यापासून बोलताना हवा जाते, अन् फोनवर मी परत पतंगांबद्दल बोललो असतो. कागदावर मले थांबता येते.

मी तालुक्याच्या गावी आहे. एका हॉटेलात कप धुतो, मागंच झोपतो. ठाण्यात रोज जातो. पहिल्या दिवशी म्हणे तुम्ही कोण लागता त्याचे? मी म्हटलं, कोणी नाही, मास्तर. म्हणे, माय-बाप कुठं आहेत? मी म्हटलं, गेले गावी. म्हणे, त्यायनं तर तापावर अंगठा दिला आहे. मग तुमचं काय? मी म्हटलं, माझं नाव लिहून घ्या, मी पाहिलं ते लिहून घ्या. म्हणे, साहेब आल्यावर या. साहेब आले तर म्हणे, पुढच्या हप्त्यात या, तुम्ही असाल ना इथं? तुमच्यासारखे लोक राहत नाहीत.

मी म्हटलं, राहतो.

होईल का काही, मले माहीत नाही. बहुतेक नाही होणार. पण मी गेलो तर तापच खरा राहील. म्हणून इथं आहे. आईच्या वेळेस पण राहायले पाहिजे होतं. पुढचं लिहीत नाही.

आता तुझ्याकडं काम आहे. या वेळी मागूनच राहिलो.

प्रेमलता उमरेडले गेली नाही. नागपुरात तिचा भाऊ आहे, तुझ्या शाळेपासून थोडं पुढं, खरबीकडं. तिघं तिथंच आहेत. मी त्यायले फोनवर तुझी शाळा सांगतली आहे, निळं फाटक. प्रेमलता काजलले घेऊन येईल. कागद तिच्यापाशी काही नसतील, दाखला उमरेडचा आहे तो जुना. तू मोठ्या बाईंशी बोल. वय जास्त आहे म्हणून कोणी नाही म्हणेल, तर पहिलीत तुझ्याजवळच बसू दे. ती त्रास देणार नाही. जास्त बोलत नाही आता.

प्रेमलताले तू अप्पूबद्दल विचारू नको. ती स्वतः सांगेल तेव्हा ऐक. चहा दे तिले.

अन् हे नीट वाच. कधी तरी तुझ्या वर्गात महिने निघतील. काजल जानेवारीपासून बरोबर म्हणेल. एप्रिल झाला की थांबेल. तुले वाटेल विसरली. विसरली नाही. तिच्यावर ओरडू नको, पुढचं सांगू नको, सगळा वर्ग थांबला तरी थांबू दे. जून तिले येते. तिच्या आधीचा उठल्याशिवाय ती उठत नाही, एवढंच आहे. दुसऱ्या पोट्ट्याले म्हणाले लावू नको, ते आम्ही इथं करून पाहिलं.

तेव्हा तूच खुर्चीवरून ऊठ, ताई. दोन्ही हात वर कर, अन् मोठ्यानं म्हण. मे.

अन् लगेच बसू नको. तो बसायचं विसरायचा. ती आपल्याच फ्रॉकचं टोक हातात धरेल, मग स्वतःच उठेल.

गोलू